शिकलगार साहेब आणि डक्टची वरची बाजू

शिकलगार साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. डोकं फॉल्स सीलिंगच्या आत, एक हात डक्टवर आणि खिशात फोन वाजतोय. वाजून थांबला, परत वाजला. वैतागून खाली उतरलो तर पुण्याचा नंबर, पलीकडे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी. "चौगुले, साहेब गए," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नींद में गए. तकलीफ नै हुई."

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. पहिला विचार काय आला ते सांगितलं तर लोक मला माणसात धरणार नाहीत. मला वाटलं, सुटलो. आता लावलेलं डक्ट खाली उतरवायला सांगणारं जगात कुणी उरलं नाही. मग चहा प्यायलो, परत शिडीवर चढलो, आणि माझा फिटर दिलीप याला तेच डक्ट खाली घ्यायला सांगितलं, कारण वरच्या बाजूची टेप नीट बसली नव्हती. दिलीप म्हणाला, "आता कोण बघणार हाय, मालक?" त्याच्यावर मी इतका खेकसलो की तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

माझा धंदा एसीचा. घरातल्या भिंतीवरच्या एसीचा नव्हे, मोठ्या इमारतींचा. तिथे थंड हवा पत्र्याच्या चौकोनी बोगद्यातून सगळीकडे फिरवतात, त्याला डक्ट म्हणायचं. पत्रा गार आणि भोवतालची हवा दमट असली की पत्र्याला घाम फुटतो, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून फुटतो तसा. तो घाम ठिबकतो, छत भिजतं, शिवाय गारवा वाटेतच उडून जातो. म्हणून डक्टवर काळ्या रबराचं आवरण चढवतात. ते कुठे हवं, किती जाड हवं, कुठे नको, हे इमारतींच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. हा कोड कोल्हापुरात आम्ही सगळ्यांनी ऐकलेला होता. वाचलेला होता तो एकट्या शिकलगार साहेबांनी, आणि तिथूनच आमच्या हालांना सुरुवात झाली.

माणूस मूळचा कोल्हापूरचाच. पूर्वज हत्यारांना धार लावायचे, हे इंजिनिअर झाले, मस्कतला बरीच वर्षं मोठमोठे एसी प्लँट सांभाळले आणि उतारवयात शनिवार पेठेत परत आले. परत येऊन निवांत नातवंडं खेळवावीत की नाही? नातवंडं पुण्यात मुलाकडे. मग हे आर्किटेक्ट लोकांची एसीची कामं तपासून द्यायला लागले. त्यांची सही झाल्याशिवाय आर्किटेक्ट काम ताब्यात घेत नसे. म्हणजे आमच्या नशिबाला हे पाचर मारल्यासारखे बसले.

बुटके, रुंद, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मान कायम वर. समोरच्याशी बोलतानाही त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून छताकडे जायची, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं की आपल्या मागे पाल आहे. वर बघत चालायची सवय असल्याने ते साईटवर हमखास कशाला तरी अडखळत. सिमेंटच्या पोत्याला, वायरच्या गुंडाळीला, एकदा झोपलेल्या वॉचमनला. अडखळले की पायाखाली बघायचे नाहीतच. "हे हितं कुणी ठेवलंय?" असं छताकडे बघूनच विचारायचे.

त्यांची दोन हत्यारं. एक म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू. डक्टला ते तळवा कधीच लावत नसत. आई पोराचा ताप बघते तसा उलटा हात टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "तळव्याला सगळंच ओलं लागतंय," म्हणायचे. "तळवा घामेजलेला असतोय. उलटा हात खोटं बोलत न्हाय." आम्ही कुणी तळवा लावलेला दिसला की शाळेतल्या पोराला सांगावं तसं मनगट धरून हात पालथा करायचे. मला त्या वेळी दोन पोरं होती आणि स्वतःची कंपनी होती, पण माझंही मनगट सुटलं नाही.

दुसरं हत्यार म्हणजे आरसा. स्कूटरचा डावा आरसा काढून त्यांनी लोखंडी सळईच्या टोकाला बसवला होता. दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसा तो आरसा ते डक्टच्या वर सरकवायचे आणि वरची बाजू बघायचे. डक्टची वरची बाजू कोण बघतं? बांधणारा बघत नाही, लावणारा बघत नाही, मालक तर आयुष्यात बघत नाही. यांना तीच बघायची असायची. एकदा दसरा चौकात हवालदाराने अडवलं. डावा आरसा कुठाय? यांनी पिशवीतून सळई काढून दाखवली. हवालदार म्हणाला, "काका, ह्यो गाडीला लागतोय." हे म्हणाले, "गाडीच्या मागं काय हाय ते सगळ्यास्नी दिसतंय. डक्टच्या वर काय हाय ते कुणाला दिसतंय, सांगा बघू." मी मागच्या सीटवर होतो. हवालदाराने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि माझी कीव येऊन सोडून दिलं.

ती मागची सीटही उरलेल्या काळ्या रबराने मढवलेली. त्यांचा जेवणाचा डबा रबरात, पाण्याची बाटली रबरात, घरी दह्याचं भांडं रबरात. साईटवर तुकडा पडलेला दिसला की मालकाला विचारून पिशवीत घालायचे. भाभी मला म्हणायच्या, "अब बस मुजेच लपेटना बाकी है."

आणि तोंडी कायम तीच आरती. काम कुठलंही असो, चहा यायच्या आत सुरू. "उघड्यावरनं जाणारं डक्ट असंल तर जाड आवरण. छताच्या पोटात असंल तर त्येच्यापेक्षा पातळ चालतंय. परतीची हवा आतल्या आत फिरत असंल तर काय बी नको. ह्यात न समजण्यासारखं काय हाय, चौगुले?" न समजण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ऐकवत नव्हतं.

त्यांची माझी पहिली गाठ एका साड्यांच्या दुकानात पडली. तीन मजली दुकान, मालक हौशी. मी चांगुलपणाने परतीच्या हवेच्या, म्हणजे खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या, डक्टलाही आवरण घातलं होतं. गरज नव्हती, पण माल शिल्लक होता आणि वरची चकचकीत फॉइल मालकाला आवडली होती. साहेब आले, वर बघितलं, म्हणाले, "ह्ये कशाला घातलंय?"

"जादा केलंय, साहेब," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणालो.

"कोडात लिवलंय?"

"नाही, पण..."

"मग काढा."

मला वाटलं थट्टा करतात. "अहो, पण त्यात नुकसान काय आहे?"

"आज मनानं जादा करतासा, उद्या मनानंच कमी करशीला. आम्ही कोड कशाला वाचायचा मग?"

मी काढलं. दिलीपने आणि मी दोन दिवस शिडीवर चढून, चांगलं चिकटलेलं रबर ओरबाडून काढलं. साडीवाल्या मालकाचा चेहरा असा की जणू आम्ही त्याच्या मुलीच्या अंगावरचे दागिने उतरवतोय. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "चौगुले, मी परत वाचलं. गरज न्हाय असं लिवलंय, घालू नका असं न्हाय. तुमचं बरोबर व्हतं."

मी फोन घट्ट धरून म्हटलं, "मग आता?"

"आता काढलंयसा तर राहू द्या."

स्वतःची चूक अशी सरळ फोन करून सांगणारा माणूस मी आमच्या धंद्यात दुसरा बघितला नाही. पण त्या वेळी मला त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. मला फोन रंकाळ्यात फेकावासा वाटला.

लोक म्हणतात, अशा माणसाच्या मागे काहीतरी घडलेलं असतं. कुठेतरी अपघात झालेला असतो, कुणीतरी दगावलेलं असतं, त्याचा सल असतो. मलाही तसं वाटायचं. एकदा भाभींना विचारलं, मस्कतला काही झालं होतं का? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुच नै हुआ. पैदाइशीच ऐसे हैं."

माझ्या चुलतभावाच्या लग्नात मी त्यांना आमंत्रण दिलं, ती माझी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली आपत्ती. शिरोळकडचं लग्न, जूनच्या सुरुवातीचं, हवेत चिकचिक. कार्यालय नवं, एसीचं. काम माझं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या पंगतीला साहेब माझ्याशेजारी बसले. मसालेभात झाला, जिलेबी आली आणि जिलेबीवर वरून पाण्याचा थेंब पडला. दुसरा कुणी असता तर ताट सरकवलं असतं. साहेबांनी ताट तिथेच ठेवलं, मान वर केली आणि दुसऱ्या थेंबाची वाट बघत बसले. दुसराही पडला. मग त्यांनी वाढप्याला सांगितलं, "मालकास्नी बोलवा."

"साहेब, जेवून घ्या," मी म्हणालो.

"जेवतोय की. त्येनी यीस्तवर जेवतोय."

मालक आला. साहेब उभे राहिले आणि आरती सुरू झाली, उघड्यावरनं जाणारं डक्ट असंल तर. तिसऱ्या पंगतीची माणसं आमच्या खुर्च्यांच्या मागे येऊन उभी होती, आपापली जागा हेरून. मालक बिचारा हात जोडून उभा, त्याला वाटलं हे सरकारी माणूस. साहेब त्याला वरची बाजू समजावून सांगत होते. नवरीचा मामा आला आणि त्याने मोठ्याने विचारलं, "ह्यो पावणा कुणाकडचा?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझी काकू त्यानंतर वर्षभर मला घालूनपाडून बोलत होती. साहेबांनी मात्र ती भिजलेली जिलेबी खाल्ली. म्हणाले, "जिलेबीचा काय दोष?"

आता पेठ वडगावच्या दवाखान्याचं सांगतो, कारण हा सगळा राग जमून जमून तिथे फुटला.

डॉक्टर माने आणि त्यांची पत्नी, दोघंही सर्जन. गावात छोटा दवाखाना होता, तो मोडून त्यांनी मोठा बांधला आणि ऑपरेशन थिएटर केलं. तोवर अडलेल्या बाईला गाडीत घालून कोल्हापूरला पळावं लागायचं, ते आता वाचणार होतं. डॉक्टरांचा जीव त्या थिएटरात अडकला होता. रोज बाह्यरुग्ण संपले की ते वर येऊन नुसते उभे राहत. मीही हे काम जीव लावून केलं होतं. माझं दवाखान्याचं पहिलंच काम. हे नीट झालं असतं तर पुढची दवाखान्यांची कामं माझ्याकडे आली असती.

अडचण एकच होती. तुळया खाली आलेल्या, जागा कमी, म्हणून डक्ट स्लॅबला अगदी भिडवून लावलं होतं. कोल्हापुरात अशा वेळी सगळेजण जे करतात तेच आम्ही केलं. डक्ट आधी वर चढवलं आणि मग आवरण घातलं, खालून आणि दोन्ही बाजूंनी. वरून हातच जात नाही, तर घालणार कसं? याला आमच्याकडे तीन बाजूंचं काम म्हणतात आणि ते कुणी लपवत नाही. स्लॅब आणि पत्रा यांच्यात दोन बोटं फट. तिथे काय घाम येणार, असा हिशोब. उद्घाटनाची तारीख ठरली, पत्रिका वाटल्या, सत्यनारायणाचे भटजी सांगून झाले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब तपासायला आले. सळई आत सरकवली, आरसा तिरका केला, सरळ केला, परत तिरका केला. ते दोनदा बघायला लागले की मला जास्त भीती वाटायची.

"वरचा पत्रा मला तोंड दाखवायलाय," ते म्हणाले.

"साहेब, स्लॅबला चिकटून आहे. तिथे हवा कुठे?"

"आरसा गेला न्हवं? मग हवा बी जाती." सळई खाली घेऊन त्यांनी आरसा शर्टाला पुसला. "घाम सुटणार. गळून छतावर येणार. छत काळं पडणार, बुरशी धरणार. आणि खाली पोट फाडलेला माणूस झोपलेला असणार."

डॉक्टर माने दारात होते. आधी ते समजुतीने बोलले. उद्घाटन होऊ दे, नंतर सवडीने करू. साहेब म्हणाले, "करा की उद्घाटन. थेटर तेवढं बंद ठेवा." डॉक्टर म्हणाले, थिएटरचंच उद्घाटन आहे. साहेब म्हणाले, "मग बंद थेटराचं करा."

डॉक्टरांचा आवाज चढला. त्यांना इतकं चिडलेलं मी बघितलं नव्हतं. "कोल्हापुरातल्या निम्म्या दवाखान्यांत तीन बाजूंचंच काम आहे. तिथे माणसं मरतात का?"

"मला म्हाईत न्हाय," साहेब शांतपणे म्हणाले. "मी त्यांची छतं बघितल्याली न्हाईत."

सही न करता ते स्कूटरवर बसून निघून गेले. डॉक्टर माझ्याकडे वळले. नंतर जे बोलले ते इथे लिहीत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच बोललो असतो.

आणि खरोखर बंद थिएटरचं उद्घाटन झालं. दाराला झेंडूचं तोरण, कडीला कुलूप आणि त्यापुढे लाल फीत. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, मग सगळे कुलपाकडे बघत उभे राहिले आणि पांगले. साहेब आले होते. द्रोणात प्रसादाचा शिरा घेऊन कोपऱ्यात खात होते. मला म्हणाले, "शिरा ब्येस झालाय." त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर वयाचा मान राहिला नसता.

दुसऱ्या दिवसापासून डक्ट उतरवायला घेतलं. फॉल्स सीलिंग काढलं, नवं लावलेलं, रंग दिलेलं. प्रत्येक तुकडा जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी रबर चढवलं, सांध्यांवर टेप ओढली, आणि जिथे लोखंडी आधार येतो तिथे मध्ये लाकडी ठोकळे घातले, नाहीतर त्या लोखंडातून गारवा पाझरतो आणि तेवढ्याच जागी घाम येतो. हेसुद्धा त्यांचंच. ते रोज यायचे. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसायचे, रबरात गुंडाळलेल्या बाटलीतून पाणी प्यायचे आणि बघायचे. माझा एक चांगला फिटर त्यांच्या बघण्याला कंटाळून काम सोडून गेला. डक्ट परत वर चढलं तेव्हा स्लॅब आणि डक्टमध्ये कसाबसा हात जाईल एवढी जागा उरली. छत खाली घ्यावं लागलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही. साहेबांनी आरसा फिरवला, मग बाही वर करून उलटा हात आत घातला, डोळे मिटले, आणि सही केली. थिएटर सुरू झालं. पुढची दवाखान्यांची कामं माझ्याकडे आली नाहीत. डॉक्टर माने कुणाला माझं नाव सांगतील हे शक्यच नव्हतं.

त्यानंतर मी शक्य तिथे साहेबांना टाळायला लागलो. ते ज्या आर्किटेक्टकडे जात तिथली कामं घेणं कमी केलं. हे त्यांना कळलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. ईदला डबा मात्र यायचा, शीरखुर्म्याचा, रबरात गुंडाळलेला. घरी पोचेपर्यंत गरम असायचा. तेवढं कबूल करतो.

आणि मग एके दिवशी सकाळी भाभींचा फोन. साहेबांच्या पित्ताशयात खडे झालेत, दुखणं वाढलंय, ऑपरेशन करायचं आहे. पुण्याच्या मुलाने तिथल्या मोठ्या दवाखान्यात सगळी सोय केली, गाडी पाठवली. साहेब गाडीत बसायला तयार नाहीत. "वडगावलाच जायचं म्हणतायत," भाभी म्हणाल्या. आमच्याशी बोलताना त्या मधूनच मराठीत यायच्या. "माने डॉक्टरकडं. मुलगा रागावलाय. तुम्ही समजवा."

मी समजवायला गेलो. पुण्यातला दवाखाना केवढा मोठा, यंत्रं कसली, डॉक्टर कुठले कुठले, सगळं सांगितलं. ते पलंगावर पोट धरून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "तिथलं छत मी बघितल्यालं न्हाय."

"साहेब, ऑपरेशन पोटाचं आहे."

"व्हय. म्हणूनच." पोट दाबून म्हणाले, "चौगुले, ह्या जिल्ह्यात एकाच थेटराची वरची बाजू मला म्हाईत हाय."

तोवर मला कधी सुचलंच नव्हतं की हा माणूस भिऊ शकतो. पण त्यांचा चेहरा उतरला होता. भिणारा माणूस देव धरतो, नवस बोलतो, डॉक्टरांचं नाव घेतो. यांनी आमचं चार बाजूंचं डक्ट धरलं होतं. मला राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोन्ही एकदम झालं तर माणसाने काय करायचं, मला माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी वडगावला गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. त्यांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर उताणं झोपवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मान न दुखवता छत बघायला मिळत होतं, आणि ते डोळे न मिटता बघत होते. थिएटरच्या दाराशी आलो आणि ते म्हणाले, "थांबवा." वॉर्डबॉय थांबला.

"त्या झाकणाशेजारी डाग हाय."

खरंच होता. फॉल्स सीलिंगला वर जाण्यासाठी जे चौकोनी झाकण ठेवतात, त्याच्या कडेला करड्या रंगाचा अंगठ्याएवढा डाग. डॉक्टर माने हातमोजे घालून बाहेर आले. सिस्टरने सांगितलं, पेशंटचं बीपी चढलंय. काल नव्हतं, आत्ता चढलंय. डॉक्टरांनी साहेबांच्या नजरेमागे नजर नेली, डाग बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची ती नजर मी ओळखली.

"चौगुले, बघा ते एकदाचं," ते म्हणाले. "ह्यांचं बीपी खाली आल्याशिवाय मी हात लावू शकत नाही."

साहेबांनी माझी बाही धरली. बोटं गार होती. "आरसा आणलायसा?" त्यांनी विचारलं. आरसा भाभींनी मुद्दाम घरी ठेवला होता. "मग हात घाला. वरच्या बाजूला. उलटा."

दवाखान्याची शिडी आणली. माझं वय पन्नास, अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली पेशंटचे नातेवाईक बघतायत. मी झाकण उघडलं, डोकं आत घातलं. डाग झाकणाच्या बाहेरच्या बाजूचा, वायरमनच्या मळक्या अंगठ्याचा होता, हे मला लगेच दिसलं. तसं खाली सांगून मी उतरू शकलो असतो. पण ते खालून म्हणाले, "वरची बाजू." मग मी दंड आवळून हात आत सारला, उलटा, मागची बाजू रबराला आणि तळवा स्लॅबकडे, आणि मनातल्या मनात त्यांना आणि कोडला काय काय म्हणालो. हात अडकला, ओढला, परत घातला. रबर कोरडं होतं. एवढी वर्षं झाली तरी ठणठणीत कोरडं.

"कोरडं आहे, साहेब," मी वरून म्हणालो.

"वरनं?"

"वरनंही."

खालून त्यांचा आवाज आला, "न्या मग." स्ट्रेचरची चाकं वाजली आणि दार बंद झालं. मी शिडीवरच होतो.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जाणार होता, कायमचंच. निघायच्या आधी मी भेटायला गेलो. खोलीत भाभी पिशव्या भरत होत्या. साहेब उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला पण नजर वर, खोलीतल्या एसीच्या जाळीवर. मला वाटलं, आता तरी आभार मानतील. एवढ्या वर्षांत एकदा.

"चौगुले," ते म्हणाले, "त्या दिवशी हात खरंच आत गेला व्हता? का मला झोपवायला म्हणून सांगितलंसा?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उजवा हात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मागची बाजू बघितली. तिथे काहीच नव्हतं, स्वच्छ होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी नेहमीसारखं माझं मनगट धरलं आणि हात उलटा केला. स्लॅबला घासून तळवा बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत सोलवटला होता, कातडीत अजून सिमेंटची करडी रेघ होती.

त्यांनी ती चष्मा लावून बघितली. मग बराच वेळ हात सोडला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "उलटाच लावला व्हता." आणि भाभींना म्हणाले, ह्यांना चहा सांगा.